मोबाइलवर मत दिलं की थेट लोकशाही झाली का? ग्रामसभांमध्ये चोवीस वर्षं बसलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आलाय की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आधार आहे, भाजीवालासुद्धा यूपीआयवर पैसे घेतो, मग मधे आमदार-खासदार कशाला, मोठ्या निर्णयांवर लोकांनीच थेट मत द्यावं, अशा थेट लोकशाहीचे फायदे-तोटे काय आणि ती आपल्याकडे का नाही.

मी चोवीस वर्षं ग्रामसभांचं काम करतोय, आधी एका संस्थेत कार्यकर्ता होतो, नंतर पंचायतराजचा प्रशिक्षक झालो, काम जास्त करून विदर्भात. म्हणून आधी शेवटच्या वाक्यावरच बोलतो. ती आपल्याकडे नाही हे खरं नाही. ग्रामसभा ही थेट लोकशाहीच आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद, त्यासाठी निवडून यावं लागत नाही, आणि पाच वर्षांनी घरीही जावं लागत नाही. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभा थेट घटनेत आली, कलम 243 अ मध्ये. आपल्याला ती थेट लोकशाही वाटत नाही कारण बहुतेक गावांत ती रजिस्टरमध्येच भरते.

रजिस्टरमध्ये कशी भरते ते नीट सांगतो, कारण तुमच्या मोबाइलच्या कल्पनेशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात साध्या ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. 26 जानेवारीला झेंडावंदन होतं, पोरांना खाऊ वाटतात, माणसं पांगतात, तीसेक जण उरतात. कोरमअभावी सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, त्यामुळे पुढच्या वेळी जे असतील ते असतील, ठराव पास होतो. पुष्कळ ठिकाणी तर एवढंही करत नाहीत, सरळ शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि सह्या-अंगठे घेतो.

एका गावात मी स्वतः हे पाहिलंय, गावाचं नाव लिहीत नाही. प्रोसीडिंग बुकात शंभरावर सह्या होत्या आणि त्या दिवशी समाजमंदिरात मी मोजली तेव्हा माणसं होती पस्तीस, त्यात बाया चार. अजेंड्यावर सगळे नेहमीचे विषय, मागचं इतिवृत्त वाचणं, घरपट्टी वसुली, शौचालयं. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हा एक कलम असतो, ज्यानं कधी ग्रामसभा अटेंड केली असेल त्याला माहीत असेल. त्यात दोन ओळींत गावच्या गायरानावर दगडाच्या खदानीला ना-हरकत देऊन टाकली होती. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पुढच्या आठवड्यात मी सह्या केलेल्या बायांपैकी एका मावशींना विचारलं की मावशी, सही कशाची केली होती. त्या म्हणाल्या, "रेशनचं काहीतरी आहे म्हणाला ना तो." दीड वर्षानं खदानीत सुरुंग लागायला लागले तेव्हा त्याच मावशींच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तक्रार करायला गेल्या तर त्यांच्यासमोर त्यांचीच सही ठेवली गेली.

त्या सहीत आणि मोबाइलवरच्या एका टॅपमध्ये मला काही फरक दिसत नाही. दोन्हीत माणसाचं मत 'नोंदवलं' गेलं, पण ठरवलं दुसऱ्यानंच. थेट लोकशाहीबद्दल मला जे काही कळलंय ते एवढंच आहे की मत देणं हा तिचा शेवटचा भाग, सगळा खेळ त्याच्या आधी असतो. प्रश्न कोणी लिहिला, माहिती कोणाकडे होती, बोलायला कोणाला मिळालं, यादीत कोण होतं. हे चार नीट असतील तर साधी माणसं इतकं शहाणपणानं ठरवतात की भल्याभल्यांनी बघत राहावं. आणि नसतील तर मताचा आकडा फक्त दुसऱ्याच्या निर्णयावर शिक्का मारायला कामी येतो.

आता फायदे. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण गोव्याचं आहे, आणि मराठी माणसाला ते माहीत असायलाच पाहिजे कारण त्या प्रश्नात एक बाजू आपणच होतो. 1963 च्या गोव्याच्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, आणि पक्षाचा मुख्य मुद्दाच होता की गोवा महाराष्ट्रात विलीन करा. मग म्हणायला लागले की लोकांनी कौल दिलाय, करा विलीन. विरोधात जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष, ते म्हणाले की निवडणूक वेगळी आणि हा प्रश्न वेगळा, यावर स्वतंत्र मत घ्या. संसदेनं त्यासाठी खास कायदा केला, मतदान निःपक्ष व्हावं म्हणून डिसेंबर 1966 मध्ये बांदोडकरांच्या सरकारनं राजीनामा दिला, आणि 16 जानेवारी 1967 ला ओपिनियन पोल झाला. दोनच चिन्हं, विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. प्रचार घरोघर झाला, आणि विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात जोरात लिहीत होतं ते 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक होतं, म्हणजे भाषेवरून कोण कुठल्या बाजूचा हे सांगता येत नव्हतं. 3,88,432 मतदारांपैकी 3,17,633 जणांनी मत दिलं. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. चौतीस हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला, आणि 30 मे 1987 ला राज्य झाला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ओपिनियन पोलनंतर दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी परत बांदोडकरांनाच निवडून दिलं, 30 पैकी 16 जागा! म्हणजे लोक म्हणत होते की भाऊ, म्हणजे बांदोडकर, आमचेच, कुळांचा प्रश्न असो की गावोगावच्या मराठी शाळा, त्यांनी केलेलं काम आम्हाला हवंय, पण विलीनीकरण नकोय. निवडणुकीत हे सांगायला जागाच नसते. तिथं एकच बटण, त्यात माणूस, पक्ष, जात, रस्ता, पाणी, धोरण सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं. थेट मतानं ते गाठोडं सुटतं. जे हरले त्यांनीही निकाल मानला कारण प्रश्न स्वच्छ होता आणि दोन्ही बाजूंना पुरेसं बोलायला मिळालं होतं. मला नेहमी वाटतं की निवडणुकीच्या आकड्यावरून जर त्या वेळी निर्णय केला असता तर ती जखम आज साठ वर्षांनंतरही भरली नसती.

दुसरं उदाहरण माझ्या कामाच्या भागातलं, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली, गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. छोटं गोंड गाव, शंभरेक घरं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक पास लागतो आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं, शेवटी एप्रिल 2011 मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. लोक हे यश सांगतात, मी मात्र प्रशिक्षणात नेहमी त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. त्या गावात कित्येक वर्षं अभ्यास गट चालत आलेत. कायदा काय म्हणतो, जंगलात किती बांबू आहे, किती तोडला तर परत वाढेल, हे ग्रामसभेच्या आधी बसून वाचायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि मग सभेत निर्णय, तोही बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, परत बोलायचं.

याचा तोटा उघड आहे, वेळ फार लागतो. रोजमजुरी बुडवून सभेला बसणं म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले, हे जे लोक थेट लोकशाहीचं नुसतं गुणगान करतात ते कधी मोजत नाहीत. दुसरं असं की सर्वसहमती ही पद्धत जिथं माणसं बऱ्यापैकी एका पातळीवरची आहेत तिथं चालते. जिथं निम्मं गाव चार घरांच्या वावरात मजुरीला जातं तिथं सर्वसहमती म्हणजे गप्प बसणं, आणि गप्प बसणाऱ्याला प्रोसीडिंगमध्ये 'सर्वानुमते' लिहितात. मी अशा गावात सहमतीचा आग्रह धरत नाही, चिठ्ठी टाकून गुप्त मतदान घ्या म्हणतो.

ओडिशाच्या नियमगिरी डोंगराचं तर देशभर गाजलं. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2013 मध्ये ग्रामसभांकडे पाठवला, जुलै-ऑगस्टमध्ये 12 ग्रामसभा झाल्या, न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर, आणि बाराच्या बारा सभांनी नाही म्हटलं. फक्त एक लक्षात ठेवा, कोणत्या बारा गावांना विचारायचं हे राज्य सरकारनं ठरवलं होतं आणि त्यावर तेव्हाही आक्षेप होता, कारण डोंगरावर अवलंबून गावं कितीतरी जास्त. विचारायचं कोणाला हे ठरवणाऱ्याच्या हातात अर्धा निकाल असतो. तिथं लोक पक्के होते म्हणून काही बिघडलं नाही.

आता जो तोटा मला सगळ्यात जास्त टोचतो तो. बहुमत आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावात हे रोज दिसतं. एका गावात नळयोजनेच्या पाइपलाइनचा विषय होता, पैसे एकाच बाजूला पुरणार होते. हात वर करा म्हणाले. मुख्य गावाचे शे-दीडशे हात वर गेले, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीचे वीस-बावीस. सगळं नियमानं झालं, कोरम पूर्ण, फोटो काढले, प्रोसीडिंग लिहिलं, एकही गोष्ट खोटी नव्हती. आणि ज्या वस्तीत बाया आधीच अर्धा किलोमीटरवरून पाणी आणत होत्या ती तशीच राहिली. शिवाय ज्यांनी मुख्य गावाच्या बाजूनं हात वर केले नाहीत त्यांच्याकडे वळून बघणारी नजर मी पाहिलीय, दुसऱ्या दिवशी सोयाबीन काढायला कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही हे तिथंच ठरत होतं.

बाबासाहेब 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत गावाबद्दल जे कडक बोलले होते, की गाव म्हणजे संकुचितपणाची आणि अज्ञानाची जागा आहे आणि घटनेनं गावाला नाही तर व्यक्तीला एकक मानलं हे बरं झालं, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला, ग्रामसभेचा कार्यकर्ता म्हणून, राग आला होता. त्या पाइपलाइनच्या सभेनंतर परत वाचलं आणि गप्प झालो. थेट लोकशाही हवी असेल तर तिच्या डोक्यावर घटना हवीच, म्हणजे काही गोष्टी मतदानाला ठेवताच येणार नाहीत अशा हव्यात. माणसाचं पाणी त्यातलं एक आहे असं माझं मत. आम्ही नंतर तिथं वस्तीची वेगळी सभा आधी आणि तिचं म्हणणं लेखी ग्रामसभेत वाचायचं अशी पद्धत लावली, महिलांच्या सभेची तरतूद तर कायद्यातच आहे. त्यानं सगळं सुटलं असं नाही, पण पुढच्या आराखड्यात वस्तीच्या पाण्याचं काम पहिल्या नंबरवर आलं.

हे फक्त आपल्या मागासलेपणामुळे होतं असं समजू नका. थेट लोकशाही म्हटलं की सगळे स्वित्झर्लंडचं नाव घेतात. तिथं एक लाख सह्या अठरा महिन्यांत गोळा केल्या तर घटना बदलायचा प्रस्ताव देशभर मतदानाला जातो, संसदेनं केलेल्या कायद्याला आव्हान द्यायचं तर शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या पुरतात. पण बायकांना मत द्यायचं का हा प्रश्न 1959 मध्ये तिथल्या मतदारांपुढे, म्हणजे फक्त पुरुषांपुढे आला तेव्हा त्यांनी दोन तृतीयांश मतांनी नाही म्हटलं. देशपातळीवरचा मताधिकार बायकांना 1971 मध्ये मिळाला. आपल्याकडे घटनेनं पहिल्या निवडणुकीपासून दिला, कोणाला विचारत बसलं नाही. 2009 मध्ये त्याच देशात मशिदींचे नवे मिनार बांधायला बंदी 57.5 टक्के मतांनी पास झाली. संख्येनं थोडे असलेल्यांचा धर्म बाकीच्यांच्या मतावर आला की काय होतं ते त्यातून दिसतं.

पण त्याच लोकांनी 2012 मध्ये सगळ्यांना वर्षाला किमान सहा आठवडे पगारी सुट्टी द्यायचा प्रस्ताव दोन तृतीयांश मतांनी पाडला! लोक फुकट मिळेल ते घेतात, त्यांच्या हातात तिजोरी देऊ नये, असं जे नेहमी म्हणतात त्यांना मी हे सांगतो. वर्षातून तीन-चारदा मतदान, प्रत्येक मतदाराच्या घरी प्रश्नाची पुस्तिका येते, दोन्ही बाजूंचं म्हणणं छापलेलं, नेमका मजकूर छापलेला. शंभरावर वर्षांची सवय आहे ती. ब्रिटननं 23 जून 2016 ला युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं विचारलं तेव्हा अशी सवय नव्हती. 51.9 टक्के म्हणाले बाहेर पडा, पण बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय, बाजार सोडायचा की ठेवायचा, आयर्लंडच्या सीमेचं काय, हे मतपत्रिकेत नव्हतंच, त्यामुळे साडेतीन वर्षं संसद एकाच आकड्याचे वेगवेगळे अर्थ काढत भांडत बसली. गोव्यात फूल आणि पानं, दोन्हींचा अर्थ शाळेतल्या पोराला कळत होता.

एक आडव्या बाटलीचं सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही. दारूचं परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, मग गुप्त मतदान, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अट अशी की आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या नाही तर यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं पाहिजेत.

मी ज्या गावात होतो तिथं जिल्हा परिषद शाळेत मतदान होतं, उन्हाळा, बाया सकाळी सातला रांगेत. एका आजींना नातवानं पाठकुळी आणलं होतं. संध्याकाळी मोजणी झाली, उभ्या बाटलीपेक्षा आडवीला चौपट मतं. बाया नाचायला लागल्या आणि अधिकाऱ्यांनी सांगितलं की तेवीस मतं कमी पडली, दुकान चालू राहील. यादी काढून बघितली तर लग्न होऊन पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या पोरी, मेलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची नावं तशीच. ही सगळी नावं उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखीच झाली होती. त्या रात्री शाळेच्या ओट्यावर ज्या बाया रडत होत्या त्यांच्यातल्याच सात-आठ जणींनी पुढे यादी हातात घेतली, घरोघर फिरून नावं तपासली, नाव कमी करायचे नमुना 7 भरून तहसीलला दिले. दोन वर्षांनी परत मतदान झालं आणि दुकान बंद झालं. चोरून दारू नंतरही आली, ते काम मताचं नाही, पोलिसांचं, आणि तिथं बायांना अजून झगडावं लागतंय. पण त्या सात-आठ जणींपैकी एकही आता ग्रामसभेत न वाचता सही करत नाही.

म्हणून मोबाइलचं विचाराल तर माझं मत विरोधात आहे, आणि ते तंत्रज्ञानाला घाबरून नाही. गुप्त मतदानाच्या खोक्याजवळ बाई एकटी असते, घरात फोन नवऱ्याच्या हातात असतो, किंवा मजुराचा मालकासमोर. आणि ॲपवर रोज एक प्रश्न आला तर ज्याला वेळ आहे आणि ज्याच्याकडे प्रचाराला पैसा आहे त्याचंच राज्य. संरक्षणाचा करार असो की नोटांचं धोरण, असल्या प्रश्नांवर हो-नाही विचारण्यात मला अर्थ दिसत नाही, तिथं प्रतिनिधी पाहिजे, त्याला जाब विचारता येतो, कोट्यवधी बटणांना कोण जाब विचारणार? पण ज्या निर्णयाचे परिणाम ठरवणाऱ्याच्याच दारात येणार आहेत, गायरान, पाणी, जंगल, दारूचं दुकान, घरकुलाची यादी, तिथं थेट निर्णय लोकांचाच हवा, आणि मला खंत आहे ती शहरांची. पुण्या-मुंबईत वॉर्डातल्या माणसाला बसून बोलायला ग्रामसभेसारखी जागाच नाही. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, प्रत्यक्षात कोणी भरवलेली दिसत नाही.

तुम्ही गावचे असाल आणि नाव अजून गावच्या यादीत असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा. नोटीस आधी लागते, तिचा फोटो काढून ठेवा. पहिला विषय मागचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) भराभर वाचतात, तिथं हात वर करून म्हणा की हळू वाचा. आणि ऐनवेळच्या विषयांत जागेचा किंवा ना-हरकतीचा विषय आला तर हा पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या, आज नको, एवढं एक वाक्य बोला आणि ते तुमच्या नावासकट प्रोसीडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा, तिथंच उभं राहून.